फोटो चढत नाहीत? आधी फोल्डरचा मालक कोण ते बघा

६ सप्टेंबर २०२४, चवथीची म्हणजे गणेश चतुर्थीची आदली रात्र. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीत, माटोळी (गणपतीच्या डोक्यावर फळं-फुलं टांगायची लाकडी चौकट) बांधून झाली होती. कांगलां, माट्टुत्यो, आंबाडे, सुपारीचे घोस सगळं आपापल्या जागी टांगलं होतं, आणि त्याचे फोटो मंडळाच्या साइटवर टाकायचे होते. पुण्या-मुंबईत आणि आखातात नोकरीला असलेली, त्या वर्षी येऊ न शकलेली वाड्यावरची माणसं त्या रात्री साइट उघडून वाट बघत होती. साडेदहाला साइट सांभाळणाऱ्या मुलीचा फोन आला.

“दादा, फोटो चढत नाहीत. एकसुद्धा नाही.”

“काय लिहून येतंय?”

“काहीतरी परमिशन म्हणतंय.”

पुढचं वाक्य तिला नीट वाचायला सांगायला हवं होतं. ते न करता मी होस्टिंगमध्ये, म्हणजे साइट ज्या भाड्याच्या सर्व्हरवर असते तिथल्या खात्यात, शिरलो आणि साइटच्या सगळ्या फोल्डरांना, सगळ्या फाइलींना सरसकट ७७७ परमिशन, म्हणजे सगळ्यांना सगळी मुभा, देऊन टाकली. फोटो तरीही चढले नाहीत. उलट दोन मिनिटांत आख्खी साइट बंद पडली आणि प्रत्येक पानावर ५०० नंबरचा, म्हणजे सर्व्हरच्या आतल्या बिघाडाचा, एरर दिसू लागला. ते निस्तरायला रात्रीचा दीड वाजला. त्या रात्री कोणत्या क्रमाने काम करायला हवं होतं, ते इथे लिहितो आहे. देवस्थान, वाचनालय, भजनी मंडळ, होमस्टे अशा लहान साइट शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेकांनी वाटून घेतलेल्या सर्व्हरवर, असतात आणि त्या सांभाळणारं माणूस बहुधा एकटंच असतं. हा लेख त्याच्यासाठी आहे.

उदाहरणं सीपॅनल (होस्टिंगचं खातं सांभाळायचं पान) आणि वर्डप्रेस (साइट चालवणारा प्रोग्राम) यांची घेतली आहेत, कारण बहुतेकांकडे तेच असतं. जूमला किंवा ड्रुपल असलं तरी फोल्डरांची नावं तेवढी बदलतील. टर्मिनलची, म्हणजे आदेश टाइप करून काम करायची, गरज कुठेही पडणार नाही. सीपॅनलमधला फाइल मॅनेजर आणि कॉम्प्युटरवर फुकट मिळणारं, सर्व्हरवरच्या फाइली हाताळायचं फाइलझिला एवढं पुरेल. आणि काहीही बदलण्याआधी सीपॅनलमधून बॅकअप उतरवून घ्या. एरर कितीही किरकोळ वाटला तरी.

एरर शेवटपर्यंत वाचा

वर्डप्रेसचा नेहमीचा एरर साधारण असा असतो: अमुक फोल्डर तयार करता येत नाही, त्याच्या वरच्या फोल्डरमध्ये सर्व्हरला लिहिता येतं का ते बघा. या वाक्यात फोल्डरचा पत्ता दिलेला असतो आणि निम्मं उत्तर त्या पत्त्यातच असतं. आमचा पत्ता होता डब्ल्यूपी-कंटेंट, त्यात अपलोड्स, त्यात २०२४, त्यात ०९. वर्डप्रेस दर महिन्याला नवीन फोल्डर करतं, आणि तेही त्या महिन्यातला पहिला फोटो चढवताना. म्हणून हा एरर पुष्कळदा महिन्याच्या सुरुवातीलाच डोकं वर काढतो. “परवापर्यंत चालत होतं” ही तक्रार खरी असते. परवापर्यंत नवीन फोल्डर करायची वेळच आलेली नसते.

फोटोचा आकार मर्यादेपेक्षा मोठा आहे असा एरर असेल, तर त्याचा परमिशनशी संबंध नाही. ४०३, म्हणजे मनाईचा एरर, आला तर बहुतेक वेळा सर्व्हरच्या सुरक्षा नियमाने अडवलेलं असतं. प्लगइन (वर्डप्रेसला जोडलेली जादा सोय) अपडेट करताना वर्डप्रेस एफटीपीचं (फाइली सर्व्हरवर पाठवायच्या वाटेचं) नाव आणि पासवर्ड मागू लागलं तर मात्र ते याच घराण्यातलं दुखणं आहे. त्याच्याकडे पुढे येतो.

वर्डप्रेस उघडत असेल तर टूल्समध्ये साइट हेल्थ, तिथे माहितीचा टॅब आणि त्यात फाइलसिस्टम परमिशनचा भाग बघा. मुख्य फोल्डर, डब्ल्यूपी-कंटेंट, अपलोड्स, प्लगइन्स, थीम्स यांपैकी कशात लिहिता येतं आणि कशात नाही याची यादी तिथे तयार मिळते. एकाच फोल्डरला नकार असेल तर दोष त्या फोल्डरचा. सगळ्यांनाच नकार असेल तर दोष बहुधा मालकीचा. सगळीकडे लिहिता येतं असं दिसूनही फाइल होत नसेल तर संशय जागेचा.

जागा संपली आहे का?

याला एक मिनिट लागतं, पण लोक हे सगळ्यात शेवटी बघतात. सीपॅनलच्या कडेच्या पट्टीत डिस्क किती वापरली ते दिसतं. त्याच्या आसपास फाइलींची संख्याही बघा, कारण शेअर्ड होस्टिंगवर जागेची जशी मर्यादा असते तशी फाइलींच्या संख्येचीही असते. जागा अर्धी रिकामी असताना फक्त फाइलींची संख्या भरल्यामुळे नवी फाइल न होणं, हे नेहमी घडतं. वर्डप्रेस एका फोटोच्या पाच-सहा लहानमोठ्या प्रती करतं, कॅशचे (साइट लवकर उघडावी म्हणून पानांच्या तयार प्रती ठेवणारे) प्लगइन हजारो फाइली साठवतात, आणि त्याच खात्यावर ईमेल असेल तर त्यातला प्रत्येक मेलही एक फाइल धरला जातो. संख्या भरलेली असेल तर कॅश रिकामी करा, मेलमधला स्पॅम आणि कचरा उडवा, जुने बॅकअप खाली उतरवून सर्व्हरवरून काढा. परमिशनला हात लावू नका.

७५५ म्हणजे नेमकं काय

तीन आकडे असतात. पहिला मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा बाकी सगळ्यांचा. प्रत्येक आकडा बेरजेने बनतो: वाचायला ४, लिहायला २, चालवायला १. ७ म्हणजे तिन्ही हक्क, ५ म्हणजे वाचणं आणि चालवणं, ६ म्हणजे वाचणं आणि लिहिणं.

फाइलीच्या बाबतीत हे सरळ आहे. फोल्डरच्या बाबतीत अर्थ थोडा वेगळा होतो आणि गोंधळ तिथेच होतो. आपल्याकडचं देऊळ डोळ्यांसमोर आणा. फोल्डरवरचा ४ म्हणजे आत काय काय आहे त्याची यादी बघता येणं. १ म्हणजे उंबरठा ओलांडता येणं. हा १ नसेल तर आतल्या फाइलीची परमिशन कितीही मोकळी असो, तिच्यापर्यंत पोचताच येत नाही. २ म्हणजे आतली मांडणी बदलता येणं, म्हणजे नवीन वस्तू ठेवणं, असलेली काढणं, नाव बदलणं.

यातून निघणारी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. एखादी फाइल खोडता येईल की नाही हे त्या फाइलीच्या परमिशनवर ठरत नाही, ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्याच्या परमिशनवर ठरतं. फाइलीला ४४४ देऊन ती सुरक्षित झाली असं समजू नका. फोल्डरमध्ये लिहिता येणारा कुणीही ती फाइल काढून त्याच नावाची दुसरी ठेवू शकतो. उलट बाजूने हाच नियम आपल्याला पुढे उपयोगी पडणार आहे.

योग्य आकडे पाठ करून ठेवावेत इतके थोडे आहेत. फोल्डरांना ७५५, फाइलींना ६४४. डब्ल्यूपी-कॉन्फिग या फाइलीत डेटाबेसचा पासवर्ड असतो, म्हणून तिला ६०० किंवा ६४०. सीपॅनलवर पब्लिक_एचटीएमएल हा सगळ्यात वरचा फोल्डर बऱ्याचदा ७५० असतो. तो मुद्दाम तसा ठेवलेला असतो, त्याला हात लावू नका.

७७७ म्हणजे त्या सर्व्हरवरच्या कोणत्याही खात्याला लिहायची मुभा. शेअर्ड होस्टिंगमध्ये एकाच मशीनवर तुमच्यासारखी शेकडो खाती असू शकतात. त्यातल्या एखाद्या खात्यात घुसलेला माणूस, होस्टने खाती एकमेकांपासून नीट वेगळी केलेली नसतील तर, तुमच्या फोल्डरमध्ये स्वतःची फाइल टाकून जाऊ शकतो. आणि अनेक होस्टवर, जिथे पीएचपी (वर्डप्रेस ज्यावर चालतं तो सर्व्हरवरचा प्रोग्राम) तुमच्या खात्याच्या नावाने चालतं, तिथे सर्वांना लिहिता येईल अशा फोल्डरमधली पीएचपी फाइल चालवायला सर्व्हर सरळ नकार देतो. आमची साइट त्या रात्री बंद पडली ती याच नियमाने. सर्व्हरचं बरोबर होतं, चूक माझी होती.

मालक कोण, लिहिणारा कोण

सगळ्या दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा इथे सापडतं, म्हणून हा भाग सावकाश वाचा. तुम्ही फोटो चढवता तेव्हा सर्व्हरवर ती फाइल तुम्ही लिहीत नाही. पीएचपी नावाचा प्रोग्राम लिहितो. तो कुठल्या तरी खात्याच्या नावाने चालत असतो. ते खातं आणि फोल्डरचा मालक एकच असेल तर ७५५ मध्ये काम चोख होतं, कारण पहिला ७ त्याच्यासाठीच आहे. दोन्ही वेगळे असतील तर पीएचपी ‘बाकी सगळे’ या रांगेत जाऊन उभं राहतं आणि तिथे लिहायचा हक्क नाही.

आजच्या बहुतेक शेअर्ड होस्टवर पीएचपी तुमच्याच खात्याच्या नावाने चालतं. जुन्या पद्धतीच्या सर्व्हरवर ते नोबडी, अपाचे किंवा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा अशा सामायिक नावाने चालतं. तुमच्याकडे काय आहे हे ओळखायचं कसं? सीपॅनलच्या फाइल मॅनेजरमध्ये परमिशनचा रकाना असतो, पण मालकाचं नाव दिसत नाही. त्यासाठी फाइलझिलाने आपल्या होस्टिंग खात्यात शिरा. उजव्या बाजूच्या यादीत, परमिशनच्या शेजारी, मालक आणि गट असा रकाना दिसेल. दिसला नाही तर यादीच्या मथळ्यावर राइट क्लिक करून तो चालू करता येतो. काही सर्व्हर नावाऐवजी नुसता आकडा दाखवतात. त्याने काही बिघडत नाही, कारण आपल्याला फक्त दोन ठिकाणचा मालक सारखा आहे का ते ताडायचं आहे.

आता अपलोड्समधली वर्डप्रेसने अलीकडे चढवलेली एखादी फाइल बघा, म्हणजे पीएचपी कोणाच्या नावाने लिहितं ते कळेल. मग अडलेला फोल्डर बघा. आमच्याकडे साइटभर मंडळाच्या खात्याचं नाव होतं आणि एकट्या अपलोड्सवर, आतल्या सगळ्यासकट, रूट, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य चालकाच्या खात्याचं नाव, लिहिलेलं होतं. ऑगस्टच्या शेवटी आम्ही होस्ट बदलला होता. फोटोंचा मोठा गठ्ठा सर्व्हरवर सोडताना तो रूटच्या नावाने सुटला आणि नंतर मालक बदलायचा राहून गेला. त्यानंतर चवथीपर्यंत कुणी फोटोच टाकला नव्हता. जुने फोटो दिसत होते, कारण वाचायची मुभा सगळ्यांना होती. आणि मी ७७७ देऊनही फरक का पडला नाही तेही इथेच कळलं. परमिशन बदलण्याचा हक्क मालकाला आणि रूटलाच असतो. माझा आदेश त्या एका फोल्डरने मानलाच नव्हता आणि बाकी सगळीकडे तो लागू झाला होता.

वर्डप्रेस एफटीपी पासवर्ड मागतं त्याचंही कारण हेच. ते आधी एक तात्पुरती फाइल लिहून तिचा मालक आणि स्वतःच्या फाइलीचा मालक ताडून बघतं. जुळले नाहीत तर आपल्याला लिहिता येणार नाही असं धरून ते एफटीपीची वाट धरतं. डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये एक ओळ टाकून ही विचारणा बंद करता येते आणि हा तोडगा सर्रास सुचवला जातो. मी तो वापरत नाही. विचारणा थांबते, मालकीचा गोंधळ तसाच राहतो आणि पुढचं अपडेट अर्ध्यात लटकायची भीती वाढते.

मालक बरोबर, आकडे चुकले असतील तर

ही सोपी बाजू. एकच फोल्डर असेल तर सीपॅनलच्या फाइल मॅनेजरमध्ये त्यावर राइट क्लिक करून चेंज परमिशन्स उघडा आणि ७५५ होईल अशा खुणा करा. पूर्ण साइट सरळ करायची असेल तर फाइलझिला वापरा आणि काम दोन फेऱ्यांत करा.

पहिल्या फेरीत पब्लिक_एचटीएमएलच्या आत जाऊन सगळं निवडा, राइट क्लिक करून फाइल परमिशन्स उघडा, ७५५ लिहा, आतल्या फोल्डरांनाही लागू करायची खूण करा आणि ‘फक्त फोल्डरांना’ हा पर्याय निवडा. दुसऱ्या फेरीत तेच करा, पण ६४४ आणि ‘फक्त फाइलींना’. हा पर्याय निवडायला विसरलात तर ६४४ फोल्डरांनाही लागेल, फोल्डरांचा १ जाईल, उंबरठाच बंद होईल आणि साइट दिसेनाशी होईल. दोन फेऱ्या संपल्या की डब्ल्यूपी-कॉन्फिगला पुन्हा ६०० किंवा ६४० द्या, कारण दुसऱ्या फेरीत तिलाही ६४४ मिळालेलं असतं.

फाइलझिला हे आदेश तुमच्या कॉम्प्युटरवरून एकेका फाइलीला पाठवतं. दहा हजार फाइली असतील तर वेळ लागतो, आणि पावसात मध्येच वीज गेली तर अर्ध्या फाइली नव्या आकड्यांवर, अर्ध्या जुन्यांवर राहतात. घाबरू नका, वीज आल्यावर दोन्ही फेऱ्या पहिल्यापासून करा. तेच आकडे दुसऱ्यांदा दिल्याने काही बिघडत नाही. ही कामं खात्याच्या सगळ्यात वरच्या फोल्डरवर मात्र कधीही करू नका. तिथे मेल आणि एसएसएलचे (साइटच्या सुरक्षित जोडणीच्या प्रमाणपत्रांचे) फोल्डर असतात आणि त्यांच्या परमिशन मुद्दाम कडक ठेवलेल्या असतात.

मालकच दुसरा असेल तर

शेअर्ड होस्टिंगवर मालक बदलायचा अधिकार आपल्याला नसतो. होस्टच्या सपोर्टला लिहिणं हा सरळ मार्ग. पण चवथीच्या आदल्या रात्री उत्तर यायला किती तास लागतील सांगता येत नव्हतं. तेव्हा मघाचा नियम कामी आला: नाव बदलणं, काढणं, ठेवणं हे वरच्या फोल्डरच्या परमिशनवर ठरतं. अपलोड्स रूटचा असला तरी तो ज्या डब्ल्यूपी-कंटेंटमध्ये आहे तो आपला आहे.

फाइल मॅनेजरमध्ये डब्ल्यूपी-कंटेंट उघडा. अपलोड्सची प्रत काढा आणि तिला अपलोड्स-नवा अशा अर्थाचं इंग्रजी नाव द्या. प्रत आपण काढतो म्हणून तिचा मालक आपण. प्रत पूर्ण झाली की नाही ते फोल्डरांच्या आकारावरून पडताळा. मग मूळ अपलोड्सचं नाव बदलून त्याला ‘जुना’ करा आणि नव्या प्रतीला अपलोड्स हे नाव द्या. या दोन नामांतरांमध्ये काही सेकंद साइटवरचे फोटो दिसणार नाहीत, एवढंच. आमच्या साइटचे फोटो दोनेक जीबी होते आणि प्रत निघायला थोडा वेळ गेला. त्यानंतर पहिला फोटो चढला तो कांगलांच्या घोसाचा.

यासाठी दोन अटी आहेत. जुन्या फोल्डरमधलं तुम्हाला वाचता आलं पाहिजे आणि खात्यात तेवढी जागा मोकळी पाहिजे. शिवाय जुना फोल्डर तुम्हाला खोडता येणार नाही, कारण त्याच्या आतल्या वस्तू काढायचा हक्क तुमचा नाही. तो काढून टाकायला सपोर्टला नंतर सांगावं लागतं.

साइट नुकतीच हलवली असेल तर आणखी एक गोष्ट बघा. एररमधला पत्ता जुन्या होस्टवरचा तर नाही ना? काही साइटच्या डेटाबेसमध्ये अपलोड फोल्डरचा पूर्ण पत्ता साठवलेला असतो. नव्या होस्टवर तो रस्ताच नसतो, म्हणून लिहिता येत नाही असं दिसतं. सीपॅनलमधल्या पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये (डेटाबेस उघडून बघायच्या सोयीत) ऑप्शन्सच्या तक्त्यात अपलोड_पाथ ही ओळ शोधा आणि तिच्यातला जुना पत्ता काढून ती रिकामी ठेवा. रिकामी असली की वर्डप्रेस आपला नेहमीचा फोल्डर घेतं.

अपडेट अडकून साइट ‘देखभाल चालू आहे’ असं म्हणत राहिली, तर मुख्य फोल्डरमध्ये डॉट मेंटेनन्स नावाची लपलेली फाइल उरलेली असते. फाइल मॅनेजरच्या सेटिंगमध्ये लपलेल्या फाइली दाखवायची खूण करा आणि ती काढा.

आकडा टिकतच नसेल तर

मालक तुम्हीच, तरी परमिशन बदलायला नकार येतो, किंवा बदललेला आकडा काही मिनिटांत परत ४४४ होतो आणि खोडलेली इंडेक्स फाइल (साइट उघडताना सगळ्यात आधी चालणारी) पुन्हा उगवते. हे गंभीर आहे. पहिल्या प्रकारात होस्टने संशयित फाइल मुद्दाम गोठवलेली असू शकते. दुसऱ्या प्रकारात बहुधा साइटमध्ये घुसखोरी झालेली असते आणि आत चालू असलेला एखादा प्रोग्राम स्वतःच्या फाइली राखत असतो. अशा वेळी परमिशनशी झगडत बसू नका. सीपॅनल, एफटीपी, वर्डप्रेस, डेटाबेस या सगळ्यांचे पासवर्ड बदला, होस्टला कळवा आणि स्वच्छ बॅकअपवरून साइट उभी करा. अपलोड्समध्ये एखादी पीएचपी फाइल दिसली तर ती तिथे का आहे हे विचारल्याशिवाय राहू नका. फोटोंच्या फोल्डरमध्ये तिचं काम क्वचितच असतं. बऱ्याच सुरक्षा प्लगइनमध्ये अपलोड्समधलं पीएचपी चालणं बंद करायची सोय असते, ती चालू ठेवा.

विंडोज होस्टिंगवर हे आकडेच नसतात. तिथे प्लेस्कमध्ये (सीपॅनलसारख्याच दुसऱ्या पानावर) फोल्डरची परमिशन उघडून साइट ज्या नावाने चालते त्याला मॉडिफायचा, म्हणजे बदल करायचा, हक्क द्यावा लागतो, आणि तो फक्त अपलोड्ससारख्या फोल्डरवर द्यावा, सगळ्या साइटवर नको.

सपोर्टला काय लिहायचं

“साइट चालत नाही, लवकर बघा” असं लिहिलं की उलट चार प्रश्न येतात आणि एक दिवस जातो. पहिल्याच निरोपात हे द्या: एररचं वाक्य जसंच्या तसं, अडलेल्या फोल्डरचा पूर्ण पत्ता, फाइलझिलात दिसलेला त्याचा मालक आणि परमिशन, शेजारच्या चालणाऱ्या फोल्डरचा मालक, जागा आणि फाइलींची संख्या मर्यादेत असल्याचा उल्लेख, आणि एररची वेळ. मागणीही नेमकी करा: या फोल्डरचा आणि आतल्या सगळ्याचा मालक आमच्या खात्याच्या नावाने करून द्या. सीपॅनलच्या मेट्रिक्समध्ये एरर्स उघडलं की सर्व्हरच्या नोंदी मिळतात. त्यातल्या तुमच्या वेळेच्या दोन-तीन ओळी जोडल्या तर काम आणखी लवकर होतं. पासवर्ड मात्र निरोपात कधीच लिहू नका. सपोर्टवाल्यांना खात्यात शिरायला त्याची गरज पडत नाही.

त्यांचं उत्तर आलं की स्वतः तपासा. एक लहान फोटो चढवा, फाइलझिलात त्याचा मालक बघा, मग मीडिया लायब्ररीतून तो खोडा. चढला आणि खोडलाही गेला तर काम झालं. आमच्या वाड्यावर आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ती मुलगी असा एक फोटो चढवते आणि काढते. नवीन महिन्याचा फोल्डर त्याच दिवशी तयार होतो, आणि अडलाच तर सणाला अजून दिवस असतात.